उघड्या माळावर कोळ्यांची घरे शोधताना

झाड एकही नाही, झुडपे विरळ, गवत जेमतेम घोट्याएवढे आणि उरलेले सगळे दगड, मुरूम व भरड वाळू, अशा जागेत राहणारे कोळी आपले रेशमी निवारे कसे बांधतात आणि ते दिसेनासे कसे करतात, याची एका हंगामाची नोंद मी नुकतीच पूर्ण केली. मी प्राणिशास्त्र शिकलेली नाही; हौसेने निरीक्षण करणाऱ्यांपैकी आहे. सुरुवात करण्यापूर्वी परवानगी कोणाची लागते, कोळ्याला त्रास न देता नेमके काय पाहता येते, किती दिवस काहीच दिसणार नाही, याबद्दल सलग लिहिलेले काही मला मिळाले नव्हते, म्हणून जे घडले ते घडले त्याच क्रमाने येथे मांडते आहे. शिकारीच्या जाळ्यांचा विषय ओझरताच येईल. निवारा म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर आहे ती कोळी जिथे दिवस काढतो, कात टाकतो आणि अंडी सांभाळतो अशी रेशमाची खोली, नळी, राहुटी किंवा झडप बसवलेले बीळ.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अर्ज केला. निवडलेला माळ संरक्षित क्षेत्राच्या कडेला असल्यामुळे दिवसा पायी फिरण्यास आडकाठी नव्हती. मात्र दगड उचलणे, अंधार पडल्यावर थांबणे आणि खुणा करून एकाच जागी वारंवार येणे या तिन्ही गोष्टींसाठी लेखी परवानगी आवश्यक होती. अर्जासोबत उद्दिष्टाचे एक पान, अक्षांश-रेखांशांसह जागेचा नकाशा, कालावधी, सोबत येणाऱ्या व्यक्तीचे नाव व ओळखपत्राची प्रत, साधनांची यादी आणि ‘कोणताही जीव पकडणार नाही, मारणार नाही, जागेवरून हलवणार नाही’ असे हमीपत्र जोडावे लागले. नोव्हेंबरच्या मध्यावर संरक्षित क्षेत्राच्या कार्यालयाकडून दोन प्रश्नांचे पत्र आले: रात्री किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत थांबणार, आणि उचलायचे दगड जास्तीत जास्त किती मोठे असतील. दुसरा प्रश्न वाचून आधी हसू आले, परंतु उत्तर लिहायला बसल्यावर तो किती रास्त आहे हे पटले. जमिनीत रुतलेला मोठा दगड एकदा उचलला की त्याखालची पोकळी आणि ओलावा पुन्हा पूर्वीसारखे जुळत नाहीत, आणि त्या पोकळीवरच तर तिथल्या रहिवाशांचे सगळे अवलंबून असते. एका हाताने उचलता येईल एवढ्याच दगडांना हात लावीन, असे लिहून दिले. डिसेंबरच्या अखेरीस परवाना हाती आला. त्याची मुदत सहीच्या तारखेपासून मोजली जाते, प्रत्यक्ष काम सुरू केल्यापासून नव्हे, हे अर्ज करणाऱ्याने ध्यानात ठेवावे आणि हंगामाच्या फार आधी अर्ज करून मुदत वाया घालवू नये. मूळ प्रत जवळ बाळगणे, प्रवेशाच्या नोंदवहीत येण्याजाण्याची वेळ लिहिणे आणि मुदत संपल्यानंतर ६० दिवसांच्या आत अहवाल देणे या अटी होत्या. शुल्क नाममात्र होते. रात्रीच्या प्रवेशाचे वेगळे.

साधनांवरही फार खर्च झाला नाही. दहापट मोठे दाखवणारे भिंग, कपाळावर बांधायचा दिवा, लाल कागदाचा तुकडा, मोबाइलला लावायचे मॅक्रो लेन्स, पेन्सिल व वही आणि गुडघ्यांखाली घ्यायला जाड सतरंजीचा तुकडा एवढ्यावर काम भागले. यात सर्वांत उपयोगी ठरला तो सतरंजीचा तुकडा, कारण हे काम उभ्याने होत नाही. पृष्ठभागाचे तापमान दुरून मोजणारा तापमापक मैत्रिणीकडून उसना घेतला होता. तो नसता तर एप्रिल-मे महिन्यांतल्या नोंदी निम्म्याने कमी झाल्या असत्या.

जानेवारीचे पहिले आठवडे कंटाळवाणे आणि काहीसे खच्ची करणारे गेले. माळ रिकामा दिसत होता, आणि कोळी नाहीतच की मलाच दिसत नाहीत हे ठरवायला काही साधन नव्हते. मग शोधण्याची पद्धत बदलली. कोळी शोधायचा नाही, रेशीमही शोधायचे नाही; आजूबाजूला न शोभणारी कड शोधायची. मुरमात नैसर्गिकरीत्या नेमका गोल आकार क्वचितच बनतो. दगडाच्या तळाशी कचऱ्याची सरळ ओळ सहसा साचत नाही. वाऱ्याने हललेल्या गवतात एकच पाते दुमडून तसेच राहत नाही. सूर्य उगवल्यानंतरचा पहिला तास यासाठी फार मोलाचा असतो, कारण तिरप्या उन्हात एकेक धागा चमकतो, आणि दव पडले असेल तर जमिनीलगतचे सगळे ताणलेले धागे थेंबांमुळे उठून दिसतात. ऊन चढले की तीच जागा पुन्हा कोरी होते.

पहिला निवारा सापडला तो मुळीच लपलेला नव्हता. काटेरी झुडपाच्या बेचक्यात मळकट करड्या रंगाचा, मुठीएवढा गोळा होता आणि तो मी आधी वाऱ्याने अडकलेला कचरा समजून सोडून दिला असता, जर त्यातून खालच्या फांद्यांकडे जाणारे लोकरी धागे दिसले नसते. ही स्टेगोडिफस या, एकत्र घरटे करून राहणाऱ्या कोळ्यांची वसाहत होती. या कुळातले कोळी चिकट थेंबांऐवजी अतिसूक्ष्म तंतूंचे पिंजलेले रेशीम काढतात. ते धागा बाहेर येताना मागच्या पायांवरच्या केसांच्या रांगेने विंचरले जाते आणि त्यात किड्यांचे पाय अडकतात, तशीच धूळही अडकते. ताजे रेशीम निळसर पांढरे दिसते. जानेवारीत वसाहतीने वरच्या बाजूला नवा भाग जोडला, तो सुरुवातीला लांबूनही उठून दिसत असे, आणि फेब्रुवारी संपेपर्यंत तो जुन्या भागाहून वेगळा ओळखता येईनासा झाला. कोळ्यांनी तो रंगवण्यासाठी काही केल्याचे मला दिसले नाही. त्यांनी खाऊन टाकलेल्या किड्यांची कवचे आणि वाळकी पाने त्यात गुंतत गेली व उरलेले काम वाऱ्याने केले. गोळ्याच्या आत मात्र रेशमाच्या भिंतींचे बोळ असतात आणि बाहेर पडण्याची तोंडे खालच्या अंगाला असतात. पुढे उन्हाळ्यात दुपारच्या वेळी हे कोळी घरट्यातून निघून त्याच्याच खालच्या सावलीत लोंबकळताना दिसले; घरटे फार तापले की आतल्यापेक्षा खालची हवा बरी असते, हे या वंशातल्या आफ्रिकी कोळ्यांबाबतही नोंदले गेले आहे.

फेब्रुवारीत दगडांकडे वळले, आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते इथे भेटले. दगड उचलण्याची एक पद्धत आहे, ती आधी सांगते. आपल्यापासून दूरची कड धरून दगड आपल्याकडे कलता करावा, म्हणजे खालून साप किंवा विंचू निघालाच तर आपल्या आणि त्याच्या मध्ये दगड राहतो. तो पूर्ण उलटू नये. पाहून झाल्यावर त्याच खळग्यात, त्याच बाजूने, हळूच टेकवावा. त्याआधी खाली कोणी आलेले नाही ना, हे पाहावे.

तळव्याएवढ्या एका चपट्या दगडाच्या खालच्या बाजूला नाण्याहून थोडी मोठी, चपटी रेशमी राहुटी चिकटलेली होती. युरॉक्टिया वंशाच्या कोळ्याची ही बांधणी आहे. राहुटीच्या कडेला कमानीसारखे कोपरे निघालेले असतात, प्रत्येक कोपरा धाग्यांच्या जुडीने दगडाला ताणून बांधलेला असतो, आणि दोन कोपऱ्यांच्या मधली कड खाली झुललेली असते. बाहेरून या सगळ्या झुललेल्या कडा सारख्याच दिसतात. तरीही माझ्या राहुटीतली मादी रात्री बाहेर येताना व परत जाताना नेहमी एकाच कडेखालून जात असे, आणि आत शिरल्यावर ती कड ओठ मिटावेत तशी बंद होई. राहुटीचा आतला थर स्वच्छ, दाट आणि दुधाळ पांढरा असतो. बाहेरचा थर याच्या अगदी उलट: त्यावर मातीचे कण, मुंग्यांची डोकी, भुंग्यांच्या पंखांचे तुकडे, वाळक्या गवताचे कुसळ असे काहीबाही धाग्यांनी बांधलेले असते. दगड उचलणाऱ्याला एरवी जे दिसते ते म्हणजे दगडाला चिकटलेली माती. चाहूल देणारे धागे राहुटीपासून चहूकडे जमिनीवर पसरलेले असतात, आणि एखादी मुंगी त्यांतल्या एकाला अडखळली की कोळी बाहेर येऊन तिच्याभोवती गोल गोल धावत धाग्यांचे वेटोळे घालतो, आणि ती पुरती जखडल्यावर मगच चावतो.

ही राहुटी उभी कशी राहते, याचा उलगडा भिंगाखाली काही प्रमाणात झाला. कोळ्याच्या पोटाच्या टोकाशी धागा सोडणारे जे अवयव असतात त्यांना आतून वेगवेगळ्या ग्रंथी जोडलेल्या असतात, आणि प्रत्येक प्रकारच्या ग्रंथीचे रेशीम वेगळे असते. गोल जाळी विणणाऱ्या माद्यांमध्ये अशा ग्रंथींचे सात प्रकार मोजले गेले आहेत. निवाऱ्याच्या दृष्टीने त्यांतली दोन रेशमे महत्त्वाची आहेत. एक, गुंडाळण्यासाठी व अस्तरासाठी वापरले जाणारे अतिशय बारीक तंतूंचे रेशीम, ज्याचे पडदे बनतात. दुसरे, धागा पृष्ठभागाला चिकटवणारे. या दुसऱ्या प्रकारात तंतूंबरोबर चिकट द्रवही येतो आणि तो झटपट वाळतो. दगडावर दिसणारे पांढरे ठिपके म्हणजे या चिकटवलेल्या टोकांचे ठसे. माती सैल असलेल्या जागी हे ठसे धरत नाहीत, म्हणून वाळूत बांधायचे झाल्यास कोळ्याला निराळी युक्ती लागते. तिच्याविषयी पुढे लिहिते.

त्याच दगडांखाली उड्या मारणाऱ्या छोट्या कोळ्यांच्या पिशव्या पुष्कळ होत्या. त्यांच्यावर कचरा मुळीच नसे. दगडाच्या खोलगट भागात दोन्ही टोकांना उघडी असलेली पांढरी पिशवी, एवढेच बांधकाम. कात टाकण्याच्या वेळी तिच्या भिंती जाड होत आणि टोके बंद होत. लपण्याचे सगळे काम इथे दगडच करतो. याच कुळातला, १९७५ मध्ये शास्त्रीय नाव मिळालेला एक कोळी हिमालयात सुमारे ६,७०० मीटर उंचीपर्यंत सापडला आहे, जिथे वाऱ्याबरोबर वर आलेल्या किड्यांवर तो जगतो, आणि त्या उजाड उंचीवरही त्याचा आसरा दगडांच्या फटींचाच असतो.

मार्चपासून रात्रीचे काम सुरू झाले. दिवा कपाळावर, म्हणजे डोळ्यांच्या जवळ, बांधण्याचे कारण असे की लांडगा कोळ्यांच्या, म्हणजे जमिनीवर धावून शिकार करणाऱ्या कोळ्यांच्या, डोळ्यांत प्रकाश परतवणारा थर असतो आणि परतलेला किरण आला त्याच दिशेने जातो; दिवा हातात धरला तर तो आपल्या डोळ्यांपर्यंत पोहोचत नाही. पहिल्या रात्री माळावर हिरवट ठिणग्या पसरलेल्या पाहून जानेवारीतल्या त्या रिकाम्या सकाळी आठवल्या आणि थोडी लाजही वाटली. ठिणगीच्या दिशेने सरळ चालत गेले की बीळ सापडते. जवळ गेल्यावर दिव्यावर लाल कागद लावावा. लाल प्रकाशाने कोळी फारसे बिचकत नाहीत.

या बिळांच्या तोंडाशी गवताच्या काड्या, बारीक खडे आणि रेशीम यांचा बोटाच्या पेराएवढा उंच कठडा असतो, विहिरीला असतो तसाच. काही बिळांना तो अजिबात नव्हता. कठडा असलेली बिळे गवताच्या आसपास होती आणि नसलेली उघड्या मुरमात, यावरून कोळी हाताशी असेल ते साहित्य वापरतो असे मी वहीत लिहून ठेवले. खोदकामाची माती तो रेशमात गुंडाळून गोळी करून बाहेर आणतो आणि तोंडापासून लांब टाकतो, त्यामुळे बिळाजवळ ताज्या मातीचा ढीग दिसत नाही. मुंग्यांच्या व किड्यांच्या बिळांपासून कोळ्याचे बीळ वेगळे ओळखायचे असेल तर ही खूण, आणि तोंडाच्या आतल्या कडेवरचे रेशमाचे अस्तर, या दोन्ही पाहाव्यात.

ट्रॅपडोअर कोळ्याचे, म्हणजे बिळाला झडप बसवणाऱ्या कोळ्याचे, बीळ मार्चच्या शेवटी सापडले, तेही केवळ रात्र असल्यामुळे. उतारावरच्या शेवाळ वाळलेल्या मातीत एक बारीक फट होती आणि तिच्यातून दोन पायांची टोके बाहेर आली होती. दिवसा त्याच जागी खूण असूनही मला ती झडप सापडेना. झडप माती आणि रेशीम यांच्या थरांनी बनते, एका बाजूला रेशमाची बिजागरी असते, आणि वरच्या पृष्ठभागावर आजूबाजूची माती व वाळके शेवाळ चिकटवलेले असते. कोळी वाढतो तसे बीळ रुंद करतो आणि झडपेला नवा थर देतो. त्यामुळे घर बदलण्याची त्याला सहसा गरज पडत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात कोळ्यांच्या अभ्यासक बार्बरा यॉर्क मेन यांनी १९७४ पासून नोंदीत ठेवलेली गायस व्हिलोसस जातीची एक मादी त्याच बिळात ४३ वर्षे जगली. २०१८ मध्ये तिच्या मृत्यूची नोंद प्रसिद्ध झाली, आणि तिच्या झडपेला परजीवी गांधीलमाशीने भोक पाडलेले आढळले होते. इतकी वर्षे एका जागी राहणाऱ्या प्राण्यासाठी झडप दिसणे-न दिसणे किती मोलाचे असेल, हे या एका बिळावरून समजते. माझ्या माळावरही निळसर काळ्या गांधीलमाश्या दिवसभर जमिनीवर डोक्यावरच्या मिशा (स्पर्शिका) आपटत फिरताना दिसत. त्यांना डोळ्यांपेक्षा वासाने आणि स्पर्शाने अधिक कळते असा माझा समज झाला, आणि मग रंगाच्या सारखेपणाचा उपयोग नेमका कोणाविरुद्ध, हा प्रश्न मनात घर करून बसला. पक्ष्यांविरुद्ध, हे सोपे उत्तर आहे. ते पुरेसे आहे असे मला वाटत नाही.

एप्रिल आणि मे हे महिने शरीराला जड गेले. सकाळी नऊनंतर दगडाला हात लागत नसे, आणि म्हणून दुपारच्या फेऱ्यांत काहीही न उचलता केवळ तापमान मोजले. पातळ चिपांखालच्या राहुट्या एप्रिलमध्ये एकेक करून रिकाम्या झाल्या आणि जाड दगडांखालच्या टिकल्या. फार जाड दगडांखाली मात्र मुळातच त्या कमी होत्या. उघड्या जागेत निवारा म्हणजे आधी उन्हापासूनचा बचाव, शत्रूपासूनचा नंतर, असे मला याच काळात वाटू लागले, आणि वाळवंटांतल्या कोळ्यांविषयी जे वाचले होते ते आता निराळ्या रीतीने समजू लागले. आफ्रिकेच्या नैऋत्येकडील नामिब वाळवंटातला सेओथायरा कोळी वाळूवर रेशमाची सपाट चटई विणतो, तिच्यावर वाळू पसरतो, आणि तिच्याखाली उभे बीळ ठेवतो. वरून पाहिले तर हरणाचा खूर उमटल्यासारखे दोन खळगे तेवढे दिसतात. चटईच्या कडांना चिकट रेशीम असते. वाळूचे तापमान ६५ अंश सेल्सियसच्या वर गेलेले असतानाही कडेला अडकलेल्या मुंगीसाठी तो वर येतो, क्षणभर ओढतो, खाली जाऊन निवतो आणि पुन्हा वर येतो. त्याच प्रदेशातल्या खडीच्या मैदानांवर अरियाडना वंशाचा कोळी बिळाच्या तोंडाभोवती गारगोटीचे सात-आठ खडे कडे करून मांडतो, आणि त्या खड्यांना लागलेला धक्का धाग्यांतून त्याच्यापर्यंत पोहोचतो. मोरोक्कोच्या वाळूच्या टेकड्यांत राहणारा, कोलांट्या मारत पळण्यासाठी प्रसिद्ध झालेला सेब्रेनस रेखेनबर्गी हा कोळी, ज्याला २०१४ मध्ये पीटर येगर यांनी नाव दिले, सैल वाळूत रेशमाने कण एकमेकांना जोडत नळी उभी करतो. सैल जमिनीत धागा चिकटायला जागा नसते तेव्हा जमीनच रेशमात बांधून घ्यायची, ही ती वर उल्लेखलेली युक्ती. युरोपातला अॅटिपस कोळीही असेच काहीसे करतो: जमिनीवर आडवी पसरलेली त्याची बंद रेशमी नळी मातीच्या कणांनी माखलेली असते, कारण खोदलेली माती तो आतून भिंतीतूनच बाहेर ढकलतो. म्हणजे खोदकामाची विल्हेवाट आणि नळी लपवणे ही दोन्ही कामे एकाच हालचालीत होतात.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला जोरदार पाऊस झाला आणि दोन दिवस माळावर जाता आले नाही. नंतर जे पाहिले त्यासाठी परवान्याची मुदत पुरली याचा फार आनंद झाला. कठडा असलेल्या बिळांपैकी बहुतेकांत पाणी शिरले नव्हते असे दिसले, कारण पृष्ठभागावरून पसरत आलेले पाणी कठड्याला वळसा घालून गेल्याच्या गाळाच्या रेषा स्पष्ट होत्या. कठडा नसलेली काही बिळे गाळाने बंद झाली होती. बुजलेल्या तोंडांपैकी एक पुढच्या रात्री उघडले, आणि या वेळी त्याच कोळ्याने कडेला ओल्या मातीच्या गोळ्या रचल्या, जरी पूर्वी त्या बिळाला काहीच कठडा नव्हता. साहित्य मिळाले की वापरले जाते, या माझ्या वहीतल्या ओळीला त्यामुळे बळ मिळाले.

परंतु ती ओळ सगळीकडे लागू पडत नाही, याचा जुना पुरावा उपलब्ध आहे. प्रकृतीच्या कारणास्तव फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर मेंतों येथे हिवाळे घालवणारे जॉन ट्रेहर्न मॉग्रिज यांनी १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या ट्रॅपडोअर कोळ्यांचा बारकाईने अभ्यास केला. शेवाळ उगवलेल्या बांधावरच्या एका बिळाची झडप त्यांनी काढली आणि भोवतालचे शेवाळही खरवडून जमीन उघडी केली. कोळ्याने नवी झडप केली आणि तिच्यावर दुरून आणून शेवाळच लावले. उघड्या मातीत हिरवा ठिपका उठून दिसू लागला. जवळ होती ती माती, आणि आणले गेले शेवाळ. आपली झडप भोवतालाशी जुळते की नाही हे कोळी पाहत नाही; त्याची बांधण्याची रीत ज्या जागेत घडली त्या जागेत ती जुळते, एवढेच. ट्रॅपडोअर कोळी साहित्य निवडतो आणि लांडगा कोळी मिळेल ते घेतो, असा फरक खरोखर आहे की एका माळावरच्या थोड्या बिळांवरून मला तो भासला, हे ठरवण्याएवढ्या नोंदी माझ्याकडे नाहीत. झडपा काढून पाहण्याचा प्रयोग करण्याची परवानगी मी मागितली नव्हती, आणि पुढेही मागणार नाही.

मुदत संपल्यावर ओळख पटवण्याचे काम उरले, आणि हौशी माणसाची सर्वांत जास्त निराशा इथे होते. बहुतेक कोळ्यांची जात निश्चित करण्यासाठी पूर्ण वाढलेल्या प्राण्याच्या जननांगांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी लागते. छायाचित्रावरून वंशापर्यंत पोहोचता आले तरी समाधान मानावे. हमीपत्र दिलेले असल्यामुळे नमुने गोळा करण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून अहवालात मी जातींची नावे लिहिण्याचा अट्टहास सोडला आणि निवाऱ्यांचे वर्णन केले: कशाला बांधलेला, किती थरांचा, बाहेर काय चिकटलेले, तोंड कोणत्या दिशेला, पावसानंतर काय झाले. दर वेळी छायाचित्रात मोजपट्टी ठेवली होती, तिचा या टप्प्यावर फार उपयोग झाला. खुणांसाठी रंग किंवा झेंड्या न वापरता प्रत्येक निवाऱ्यापासून ठरावीक अंतरावर उत्तरेला एक पांढरा खडा ठेवला होता, तेही शेवटच्या फेरीत उचलून जागच्या जागी विखुरले, कारण खुणा काढून टाकणे ही परवान्यातलीच अट होती.

अहवाल ऑगस्टच्या शेवटी दोन प्रतींत दिला आणि पोच घेतली. सप्टेंबरमध्ये कार्यालयाने एक दुरुस्ती सुचवली: ट्रॅपडोअर बिळांचे अचूक अक्षांश-रेखांश सार्वजनिक होणाऱ्या प्रतीतून काढावेत, कारण पाळण्यासाठी अशा कोळ्यांना खणून नेणारे लोक नकाशे शोधत असतात. ही सूचना योग्य आहे, आणि निरीक्षणे ऑनलाइन टाकणाऱ्यांनीही जागा धूसर करण्याचा पर्याय आधीच निवडावा. दुरुस्त प्रत स्वीकारली गेल्यावर नूतनीकरणाचा अर्ज त्याच खिडकीवर देता आला. त्यासाठी नवा नकाशा लागत नाही, जुन्या परवान्याची प्रत व अहवालाची पोच पुरते, मात्र सोबतची व्यक्ती बदलणार असेल तर तिची कागदपत्रे नव्याने द्यावी लागतात. या वेळी मुदत नोव्हेंबरपासून मागितली आहे, म्हणजे पातळ चिपांखालच्या, एप्रिलमध्ये रिकाम्या झालेल्या राहुट्यांत थंडी सुरू होताना कोणी परत राहायला येते का, आणि आलेच तर जुनी राहुटी दुरुस्त करते की तिच्याशेजारी नवी बांधते, हे पाहता येईल.